विमलताईंनी टाइप केलेला जबाब

घाटंजीत टायपिंग शिकलेल्या कुणापुढेही विमलताईंचं नाव काढा, तो आधी आपली बोटं बघतो. चुकीच्या बोटावर ताई लाकडी पट्टी मारायच्या आणि मारताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मीही ती पट्टी खाल्ली आहे. दहावीच्या सुट्टीत तीन महिने त्यांच्या इन्स्टिट्यूटमध्ये गेलो, परीक्षा जवळ आली तसा पळालो. पुढे पुसदला कॉम्प्युटर शिकलो, चार वर्षं पुण्यात नोकरी केली, वडिलांच्या आजारपणात परत आलो आणि बस स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तोवर ताईंची अकरा मशीनं भंगारात गेली होती. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, वाटलं नाही. जुनं झालं ते जाणारच, असं मी त्या काळी फार सहज म्हणायचो.

ताईंचे वडील बळीराम यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी कधीकाळी एका लिहिणाऱ्याकडून सरकारी पडीक जमिनीसाठी अर्ज लिहून घेतला होता. लिहिणाऱ्याने यांचं अर्धं ऐकलं, अर्धं आपल्या मनचं घातलं आणि खाली बळीरामचा अंगठा घेतला. त्या मनच्या अर्ध्यापायी जमीन दुसऱ्याच्या नावे झाली. "बापानं मले टाइपिंगले याच्यासाठीच घातलं," ताई सांगायच्या. "समोरचा जे बोलला ते टाइप कराचं. त्यात आपलं डोकं घालाचं नाही." इन्स्टिट्यूट चालवता चालवता वीस वर्षं त्या तहसीलसमोरच्या टिनाच्या शेडमध्ये अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करत बसल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "सवडच नाही भेटली." यावर हसायची हिंमत कुणात नव्हती.

शेडचं काम सुटलं तेव्हा शेतमजूर बायांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्यांना ठेवून घेतलं. दोन खोल्यांचं ऑफिस, एक जुना कॉम्प्युटर, एक माठ. कॉम्प्युटर बिघडला की मला बोलावणं यायचं. ताईंचं काम बघून माझं डोकं फिरायचं. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि हात कागदाची गाडी ओढून पुढच्या ओळीवर नेतो. कॉम्प्युटरला घंटी नाही, ओळ आपोआप खाली जाते. पण ताईंच्या डोक्यातली घंटी वाजतच होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या एंटर दाबायच्या. पूर्णविरामानंतर दोनदा जागा सोडायच्या. आणि कागद संपला की खाली अंगठ्यासाठी म्हणून आणखी दोन एंटर.

"ताई, याची गरज नाही आता," मी वैतागून म्हणायचो. "सगळा कचरा साफ करत बसावा लागतो मला."

"मंग नोको करू साफ," त्या म्हणायच्या. "जसं हाये तसं ठेव."

सन सतराच्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर वाढली. कीटकनाशकाला आमच्याकडे औषधच म्हणतात. ते औषध उंच कपाशीत फवारणारी माणसं आजारी पडू लागली. कुणाची नजर जायची, कुणाला धाप लागायची, काही जण परत घरी आलेच नाहीत. चौकशी समिती बसली. संस्थेने ठरवलं की जे वाचले त्यांच्याकडून, आणि जे वाचले नाहीत त्यांच्या घरच्यांकडून, जबाब घ्यायचे. विमलताई कुणाचा तरी लॅपटॉप घेऊन दवाखान्यांत आणि तांड्यांवर फिरल्या. एकेचाळीस जबाब झाले.

ते राखायचं काम मी माझ्याकडे ओढून घेतलं. पुण्यात आम्ही एक सॉफ्टवेअर वापरायचो. फाइलमध्ये काय बदललं, कोणी बदललं, आधी काय होतं, हे सगळं ते आपल्या कोठारात जपून ठेवतं. आहे ते प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी, पण मला मिरवायची हौस. शिवाय त्यात एक गोष्ट खरोखर कामाची होती. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून ते चाळीस आकडे-अक्षरांचा एक ठसा काढतं. मजकुरात एक काना हलला, एक जागा जास्त पडली, तरी ठसा पार वेगळा येतो. उद्या कोणी म्हणालं की माणूस मेल्यावर तुम्ही जबाबात भर घातली, तर ठसा दाखवता येतो. संस्थेच्या वकीलबाईंना हे पटलं. त्यांनी सगळ्या जबाबांची यादी ठशांसकट समितीकडे देऊन टाकली. जबाब छापून सुनावणीच्या दिवशीच द्यायचे होते.

त्यांत एक जबाब लालसिंगचा होता. जवळच्या तांड्यावरचा, बंजारा, चाळिशीच्या आतला, दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणी करणारा. दवाखान्यात तो तीन दिवस शुद्धीवर होता. त्या तीन दिवसांत ताई त्याच्या खाटेशी बसून होत्या. मग तो गेला. मरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेला असा तो एकच जबाब होता.

त्याची बायको रामीबाई दर बाजाराच्या दिवशी ऑफिसात यायची. वाचता येत नव्हतं. स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "वाच याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. वयात फार अंतर नसेल, पण ती ताईंना याडीच म्हणायची. ताई फाइल उघडायच्या आणि वाचायच्या. रामीबाई रडायची नाही. मान किंचित वाकडी करून ऐकायची, एखाद्या शब्दाची वाट बघत असल्यासारखी. वाचून झालं की थोडा वेळ तशीच बसायची आणि निघून जायची.

या बाईवर माझा राग होता, तो सांगून टाकतो. ती कधी तुरीच्या शेंगा आणायची, कधी बोरं, पण हातात कधी द्यायची नाही. ताईंनी हात पुढे केला तरी ती पिशवी जमिनीवर ठेवायची आणि मागे सरकायची. एकदा मी टेबलाखाली वाकून स्क्रू काढत असताना तिला म्हटलं, जरा तो पेचकस द्या. तिने तो फरशीवरून माझ्याकडे सरकवला. माझ्या अंगाची लाही झाली. आमच्या घराने धम्म घेऊन साठ वर्षं झाली, आणि अजून आमच्या हाताला हात लागायला नको! ती गेल्यावर मी ताईंना म्हटलं, "हिचे लाड करता तुम्ही, आणि ही आपल्याला शिवत नाही."

"चहा तं आपलाच पेते ना ते," ताई म्हणाल्या. "दुसरं काही असन. सोड."

मी सोडलं नाही. राग आला की माणसाला समोरचा चहाचा कपही दिसत नाही.

जानेवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी रामीबाई नेहमीसारखी ऐकून गेली. लालसिंगची फाइल उघडीच होती. ताईंनी त्याच वेळी सगळ्या जबाबांची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यायला सुरुवात केली. दर बाजाराला नक्कल घ्यायची हा नियम माझा. पेनड्राइव्ह एकच ठेवायची आणि जुन्यावरच नवं चढवायचं, ही अक्कलही माझीच. अर्धी नक्कल झाली आणि लाइन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच मेली होती. बदलतो, बदलतो म्हणून दिवाळीपासून मी ती टाळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोन आला. "राजदीप, लालसिंग कोरा दिसून राह्यला."

कॉम्प्युटर जुना, डिस्क त्याहून जुनी. लाइन आल्यावर त्याने स्वतःची तपासणी केली आणि जे जुळलं नाही ते पुसून मोकळा झाला. पेनड्राइव्ह उघडतच नव्हती. मी सॉफ्टवेअरला कोठार तपासायला लावलं. सहा तुकडे रिकामे निघाले. नाव होतं, ठसा होता, आत काही नव्हतं. पाच जबाबांच्या साध्या फाइली फोल्डरमध्ये शाबूत होत्या. त्या परत कोठारात घातल्या, ठसे जुळले. सहावा लालसिंगचा. त्याचा कोठारातला तुकडा रिकामा आणि उघडी राहिलेली फाइलही रिकामी. लॅपटॉप केव्हाच मालकाने पुसून दुसऱ्याला दिला होता. दोन दिवस मी काय काय करून पाहिलं ते सांगत बसत नाही. लालसिंगचं एक अक्षरही मिळालं नाही. सुनावणी तीन दिवसांवर आली होती.

"ताई, तुम्ही शंभर वेळा वाचलाय तो," मी म्हटलं. "आठवून लिहून काढा."

"अर्थ आठवते. शब्द नाही आठवत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "म्या लिहिला तं तो माहा होईन. लालसिंगचा नाही."

वकीलबाई म्हणाल्या, मग तो जबाब यादीतून काढावा लागेल, चाळीस देऊ. ताईंनी फोन ठेवला आणि कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. पट्टी मारताना न हलणारा तो चेहरा त्या दिवशी रडला. मला कुठे बघावं कळेना. चूक माझी होती आणि पट्टी मारायला कोणी उठत नव्हतं.

रामीबाईला सांगायला तर हवं होतं. मी मोटरसायकल काढून तांड्यावर गेलो. बोंडअळीने खाल्लेल्या कपाशीची झाडं तशीच उभी होती. ती अंगणात तूर झोडत होती. मी चाचरत सांगितलं, की जबाब गेला, माझ्यामुळे गेला. तिने काठी खाली ठेवली.

"पुसल्या गेला म्हन्ता?"

"हो."

"मले पाठ हाये ना," ती म्हणाली.

त्या दुपारी ती स्टुलावर बसली आणि डोळे मिटून बोलू लागली. आवाज तिचा, पण बोलणं तिचं नव्हतं. "माहं नाव लालसिंग. मी फवारणीची मजुरी करतो. त्या दिवशी कपाशी माह्या डोक्याच्या वर होती. वारा उलटा आला. दुपारी डोयापुढं धुकं आलं, मी म्हटलं पाणी येते, पन ते धुकं नोहोतं." एक वाक्य म्हणायची, थांबायची. ताईंची बोटं चालायची. त्या अडखळत नव्हत्या. तिचा शब्द कानावर पडला की हात आपसूक जुन्या वाटेने जायचे, ओळीच्या शेवटी एंटर, पूर्णविरामानंतर दोन जागा. मी इतकी वर्षं ज्याला कचरा म्हणत होतो, त्याच्याशिवाय आता ठसा जुळणार नव्हता.

संपलं. मी ठसा काढला. जुळला नाही.

शेवटी एंटर नसेल, एखादी ओळ अलीकडे तुटली असेल, म्हणून मी उलटसुलट करून पाहिलं. नाही जुळलं. मग सुचलं, की सॉफ्टवेअरच्या नोंदीत मूळ फाइल केवढी होती तो आकडा असतो. तो काढला. आमची फाइल अडीचशे बाइटनी लहान होती, वर थोडे. मराठी अक्षर तीन बाइट खातं.

"ताई, हा एखाद्या शब्दाचा फरक नाही," मी म्हटलं. "तीन-चार वाक्यं कमी आहेत. मधली कुठली तरी."

"मी काई नाही सोडलं," रामीबाई म्हणाली. "जेवढं याडीनं वाचलं तेवढं सांगतलं."

मी ताईंकडे पाहिलं आणि मला कळलं की त्यांना माहीत आहे. त्यांनी माउसचा बाण अर्ध्या जबाबावर नेऊन ठेवला आणि त्या टाइप करू लागल्या. थांबल्या नाहीत, आठवावंही लागलं नाही. दर बाजाराला त्या ओळीशी येऊन डोळ्यांनी तिला ओलांडायचं, ते इतक्या वेळा केलं होतं की अख्ख्या जबाबात तेवढंच त्यांना तोंडपाठ होतं.

रामीबाईने डोळे उघडले. "याडी, मी तं गप हावो. तू काय टाइप करून राह्यली?"

बोटं थांबली.

वाचता न येणाऱ्या बाईला काहीही सांगता आलं असतं. मीच काहीतरी थाप मारणार होतो. ताईंनी हात वर करून मला गप्प केलं. मग खुर्ची वळवून तिच्यासमोर बसल्या.

"एक ओळ म्या तुले कधी वाचून नाही दाखवली, रामी. त्यानंच नाही म्हटलं होतं. त्याले शब्द देल्ला होता म्या." ताई म्हणाल्या. "जन्मात कोणाच्या कागदातला शब्द खाल्ला नाही. तुह्यासमोर खाल्ला. दर बाजाराले खाल्ला."

"वाच," रामीबाई म्हणाली.

ताईंनी वाचलं. "औषध रामीनं कालवून देल्लं. सांगतलं तेवढंच टाकलं तिनं. तिचा काही दोष नाही. हे तिले वाचून दाखवू नका."

रामीबाईने दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि तळव्यांकडे बघत राहिली.

"दोष नाही म्हन्ला?"

"हाव."

"त्यानं सोताच म्हन्लं? तू नाही घातलं?"

"मी कोणाच्या बोलण्यात आपलं घालत नसतो, बाई. तुले ठाऊक हाये."

मग ती रडली. चार महिन्यांत पहिल्यांदा. रडता रडता बोलत होती, अर्धं त्यांच्या बोलीत, अर्धं आमच्या. पाणी तिने आणलं होतं, औषध तिने कालवलं होतं, पंप भरून त्याच्या पाठीवर तिने चढवला होता. जास्त पडलं असेल का, हे ती कुणाला विचारू शकत नव्हती. मजूरच जास्त औषध टाकतात, असं गावभर बोललं जात होतं, तेही तिने ऐकलं होतं. "माह्या हातचं घेऊन मेला तो," ती म्हणाली. "मंग हे हात कोणाच्या पुढं कसे करू? लेकरायलेबी ताटात नाही वाढत, परडी पुढं सरकवतो. तो मले काई बोलून गेला का, शिव्या देऊन गेला का, तेवढंच आयकाले येत होती याडी. दर बाजाराले वाटे, आता येईन, आता येईन."

ताईंनी तोंडाला पदर लावला. मेलेल्याचा शब्द पाळला होता त्यांनी, आणि जिवंत बाईला चार महिने त्याची शिक्षा भोगावी लागली होती. लालसिंगला वाटलं असेल, नाव काढलं की ही मनाला लावून घेईल. ती तर पहिल्या दिवसापासून लावून बसली होती. मला फरशीवरून सरकवलेला तो पेचकस आठवला, आणि माझी मलाच लाज वाटली.

काम राहिलंच होतं. ती चार वाक्यं आत घेऊन ताईंनी त्यापुढच्या ओळी पुन्हा टाइप केल्या, कारण त्यांची घंटी आता वेगळ्या जागी वाजत होती. मी आकडा पाहिला. दोन बाइट कमी.

"अंगठ्याची जागा," ताई म्हणाल्या आणि शेवटी दोनदा एंटर दाबलं. तेवढं मी सवयीने कचरा समजून मघाशीच उडवलं होतं.

ठसा काढला. चाळीसच्या चाळीस आकडे-अक्षरं मी समितीच्या यादीशी बोट ठेवून दोनदा ताडून पाहिली. लालसिंग जसा बोलला होता तसा परत आला होता.

"जुळलं," मी म्हटलं.

दोघींपैकी कुणीही पडद्याकडे पाहिलं नाही. रामीबाई उठली. कोपऱ्यातल्या माठाशी गेली, ग्लास विसळला, भरला. मग येऊन तिने तो ताईंच्या हातात दिला. ताईंनी दोन्ही हातांनी घेतला.

ती परत माठाशी गेली आणि दुसरा ग्लास घेऊन माझ्यापुढे आली. ग्लास काठोकाठ भरलेला होता, थोडं पाणी कीबोर्डवर सांडलं. कीबोर्ड मी तसाच राहू दिला. ग्लास तिच्या हातातून घेतला आणि सगळं पाणी प्यालो.